‘भाग न घेणारा’ उत्प्रेरक : धातूच्या पृष्ठभागावरील वायूंच्या अभिक्रियांच्या अध्यापनाची चिकित्सा

प्रस्तावना

रसायनशास्त्राच्या वर्गात उत्प्रेरकाची ओळख करून देताना एक दृष्टान्त पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जातो. भटजी लग्न लावतो, स्वतः मात्र लग्न करत नाही, उत्प्रेरकाचेही तसेच. विद्यार्थी हसतात, दृष्टान्त लक्षात राहतो आणि त्यासोबत व्याख्याही पक्की होते : उत्प्रेरक केवळ आपल्या उपस्थितीने अभिक्रियेचा वेग बदलतो, स्वतः अभिक्रियेत भाग घेत नाही व अखेरीस जसाच्या तसा शिल्लक राहतो. शालेय स्तरावर रुजलेली ही व्याख्या पदवी व पदव्युत्तर स्तरावरही फारशी हलत नाही, असा अध्यापकांचा सर्वसाधारण अनुभव आहे.

प्रस्तुत लेखात या व्याख्येची आणि तिच्या आधारे उभ्या असलेल्या एकूण मांडणीची चिकित्सा करावयाची आहे. त्यासाठी धातूच्या पृष्ठभागावर होणाऱ्या वायूंच्या अभिक्रिया निवडल्या आहेत, कारण गेल्या शतकभरात याच क्षेत्रात उत्प्रेरकाचे प्रत्यक्ष वर्तन सर्वाधिक स्पष्टपणे पाहता आले. लेखकाचे म्हणणे थोडक्यात असे की, ही व्याख्या केवळ अपुरी नाही, ती चुकीची आहे. आणि ती चुकीची असल्यामुळे त्याच प्रकरणातील पुढील पानांवरचे बहुतेक सर्व मुद्दे विद्यार्थ्याला निव्वळ पाठांतराचे वाटतात. महाविद्यालयाच्या बहुविद्याशाखीय नियतकालिकात हा विषय मांडण्याचे कारणही हेच आहे. प्रश्न रसायनशास्त्राचा असला तरी एखादी सोयीस्कर व्याख्या पुराव्याच्या विरोधात किती काळ टिकून राहू शकते, हा सर्वच विद्याशाखांचा प्रश्न आहे.

व्याख्या कोठे घसरली?

‘कॅटॅलिसिस’ ही संज्ञा स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस याने १८३५ मध्ये योजिली. त्यापूर्वीच १८१७ मध्ये हम्फ्री डेव्ही याला तापलेली प्लॅटिनमची तार ज्वलनशील वायू व हवा यांच्या मिश्रणात ज्योतीशिवाय लाल राहते असे आढळले होते, आणि १८३४ मध्ये फॅरडेने प्लॅटिनमच्या स्वच्छ पृष्ठभागावर वायू चिकटून दाटीने एकत्र येत असावेत असा तर्क केला होता. बर्झेलियसने या सर्व निरीक्षणांमागे एक स्वतंत्र ‘उत्प्रेरक शक्ती’ कल्पिली. नाव मिळाले, स्पष्टीकरण मिळाले नाही.

आजची व्याख्या मुळात विल्हेल्म ओस्टवाल्ड याची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याने उत्प्रेरणाचा संबंध अभिक्रियेच्या वेगाशी जोडला आणि उत्प्रेरक म्हणजे अंतिम उत्पादितांत न दिसता वेग बदलणारा पदार्थ, असे सांगितले. या कार्यासाठी त्याला १९०९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. येथे शब्दांकडे बारकाईने पाहणे आवश्यक आहे. ओस्टवाल्ड ‘अंतिम उत्पादितांत दिसत नाही’ असे म्हणतो. ‘भाग घेत नाही’ असे म्हणत नाही. या दोन विधानांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. सावकाराकडून घेतलेले कर्ज वर्षअखेरीस फिटले म्हणजे ताळेबंदात ते दिसत नाही, म्हणून वर्षभराच्या व्यवहारात सावकार नव्हताच, असे कोणी म्हणणार नाही. शालेय व्याख्येने नेमके हेच केले आहे. ताळेबंद पाहून तिने वर्षभराच्या व्यवहाराविषयी निष्कर्ष काढला.

आपल्या पारिभाषिक शब्दानेही या गैरसमजाला थोडा हातभार लावला असावा. ‘उत्प्रेरक’ म्हणजे प्रेरणा देणारा. काठावर उभा राहून दुसऱ्याला पुढे ढकलणारा. मूळ ग्रीक धातूचा अर्थ मात्र सैल करणे, सोडवणे असा आहे. जपानी भाषेतील ‘शोकुबाई’ या शब्दातील पहिले अक्षरचिन्ह स्पर्श दर्शविते व दुसरे सोयरीक जुळविणारा मध्यस्थ. स्पर्श करून सोडविणे, हे वर्णन वस्तुस्थितीच्या बरेच जवळ जाते. शब्द बदलावा अशी सूचना येथे नाही. रूढ झालेली संज्ञा टिकावी हेच इष्ट. परंतु तिचा व्युत्पत्तिजन्य अर्थ म्हणजे त्या पदार्थाचे वर्तन नव्हे, एवढे वर्गात सांगितले पाहिजे.

‘अधिशोषण’ या संज्ञेबाबतही असेच घडते. कापसाने पाणी शोषावे तसे धातू वायू शोषतो, असे चित्र विद्यार्थ्यांच्या मनात उभे राहते. वस्तुतः येथे वायू धातूच्या आत जात नाही, तर पृष्ठभागावर बसतो. आणि बसण्याचेही दोन प्रकार आहेत. थंड काचेवर दव जमावे तसे दुर्बल आकर्षणाने बसणे हे भौतिक अधिशोषण. रासायनिक अधिशोषणाला जालना जिल्ह्यातील विद्यार्थ्याला कळेल असा दृष्टान्त मोसंबीच्या बागेतच मिळतो. खुंटावर डोळा भरला की तो खुंटाला नुसता टेकलेला नसतो, तो त्याच्याशी जोडला जातो आणि त्यानंतरची त्याची वाढ खुंटावर अवलंबून राहते. रासायनिक अधिशोषणात रेणू व धातूचे अणू यांच्यात खरा बंध तयार होतो आणि त्या बंधामुळे रेणूतील जुने बंध सैल पडतात. फरक इतकाच की, कलम कायमचे असते आणि उत्प्रेरकावरील जोड सुटावी लागते.

युरियाची गोणी आणि लोखंडाचा पृष्ठभाग

खरिपाच्या तोंडावर जालना, भोकरदन वा अंबड येथील कृषी सेवा केंद्रांसमोर ज्या युरियासाठी रांगा लागतात, तो या विषयाचे सर्वात मोठे उदाहरण आहे. अलिबागजवळील थळ येथे राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सच्या कारखान्यात नैसर्गिक वायूपासून अमोनिया व त्यापासून युरिया तयार होतो. ‘उज्ज्वला’ या नावाची गोणी मराठवाड्यातील शेतकऱ्याच्या परिचयाची होती. युरियात वजनाने ४६ टक्के नायट्रोजन असतो. म्हणजे ४५ किलोच्या एका गोणीत २०.७ किलो नायट्रोजन येतो. हिशेब केल्यास, प्रमाण तापमान व दाबास, हा नायट्रोजन सुमारे २१ घनमीटर हवेतून आलेला असतो. तीन मीटर लांब, तीन मीटर रुंद व साधारण अडीच मीटर उंच अशा एका लहान खोलीतील हवेचा सगळा नायट्रोजन एका गोणीत बसतो.

त्या नायट्रोजनच्या प्रत्येक रेणूतील तिहेरी बंध तुटल्याशिवाय अमोनिया तयार होत नाही. या बंधाची ऊर्जा मोलला सुमारे ९४५ किलोज्यूल आहे. केवळ उष्णतेने हा बंध तोडावयाचा तर हजारो अंश तापमान लागेल, आणि तेवढ्या तापमानाला अमोनिया टिकणारच नाही, कारण त्याच्या निर्मितीत उष्णता बाहेर पडते व तापमान वाढले की समतोल मागे सरकतो. या पेचातून लोखंडाने वाट काढली. फ्रिट्झ हाबर याने २ जुलै १९०९ रोजी बीएएसएफ कंपनीच्या प्रतिनिधींना जे प्रात्यक्षिक दाखविले, त्यात ऑस्मियम हा दुर्मीळ धातू वापरला होता. स्वस्त व टिकाऊ पर्याय शोधण्याचे काम आल्विन मिट्टाश याने हजारो चाचण्या करून तडीस नेले. स्वीडनमधील गेलिवारे येथील मॅग्नेटाइट या खनिजाचा नमुना अनपेक्षितपणे चांगला ठरला आणि त्यातील अशुद्धी हेच त्याचे बळ आहे हे मिट्टाशच्या लक्षात आले. १९१३ मध्ये ओपाऊ येथे कारखाना सुरू झाला. हाबर व बॉश यांना अनुक्रमे १९१८ व १९३१ चे नोबेल मिळाले. मिट्टाशचे नाव आपल्या पाठ्यपुस्तकांत अभावानेच आढळते.

मिट्टाशच्या पद्धतीचा उत्प्रेरक कसा करतात, हे जालन्याच्या विद्यार्थ्याला इतर कोणापेक्षाही लवकर समजावे. मॅग्नेटाइटमध्ये थोडे ॲल्युमिना, पोटॅश व चुना मिसळून विजेच्या भट्टीत वितळवितात, थंड झाल्यावर फोडून खडे करतात आणि मग अमोनियाच्या पात्रात भरून हायड्रोजनयुक्त वायूने त्यातील ऑक्सिजन काढून घेतात. ऑक्सिजन निघून गेलेल्या जागी पोकळ्या राहतात व आतून सच्छिद्र असे लोखंड तयार होते. येथील औद्योगिक वसाहतीत भट्ट्यांमधून भंगार वितळते व सळ्या निघतात. तेथे लोखंडाचे मोल त्याच्या वस्तुमानात व ताकदीत असते, येथे ते पृष्ठफळात असते. मूलद्रव्य एकच, परंतु एका ठिकाणी धातूचा आतला भाग कामाचा आणि दुसऱ्या ठिकाणी बाहेरचा एकच थर.

या ठिकाणी पाठ्यपुस्तकांतील एका जुन्या विधानाचा उल्लेख करणे भाग आहे. अमोनियाच्या निर्मितीत मॉलिब्डेनम हा वर्धक असतो, असे अनेक क्रमिक पुस्तकांत छापले जात आले आहे व परीक्षेत त्यावर गुणही दिले जातात. प्रचलित औद्योगिक लोह-उत्प्रेरकातील वर्धक म्हणजे ॲल्युमिनियम, पोटॅशियम व कॅल्शियम यांची ऑक्साइडे. विधान बदलणे हा एका ओळीचा प्रश्न आहे. त्यामागील कारण अधिक गंभीर आहे. उत्प्रेरक ‘भाग घेतच नाही’ असे एकदा मानले की वर्धक नेमके काय वाढवितो हा प्रश्न उरत नाही, आणि मग तेथे कोणतेही नाव चालते.

पुरावा काय सांगतो?

लोखंडावर नेमके काय घडते याचा उलगडा होण्यास कारखाना सुरू झाल्यापासून साठ वर्षांहून अधिक काळ लागला. अमेरिकेत पॉल एमेट व स्टीफन ब्रुनॉअर यांनी १९३० च्या दशकात दाखविले की, लोखंडावर नायट्रोजन रासायनिकरीत्या अधिशोषित होण्याचा वेग आणि अमोनिया तयार होण्याचा वेग यांचा मेळ बसतो. म्हणजे हीच सर्वात मंद पायरी. परंतु पृष्ठभागावर नायट्रोजन रेणूच्या रूपात हायड्रोजनशी संयोग पावतो की अगोदर त्याचे अणू अलग होतात, हे ठरत नव्हते. १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत स्वतः एमेट हा प्रश्न अनिर्णित मानत होता.

तो निकाली काढला गेरहार्ड एर्टल याने, प्रथम म्युनिक येथे व पुढे बर्लिन येथे. त्याची पद्धत साधी वाटावी इतकी तर्कशुद्ध होती. लोखंडाच्या एकाच स्फटिकाचा स्वच्छ पृष्ठभाग घ्यावयाचा, त्यावर नायट्रोजन व हायड्रोजन यांचे मिश्रण सोडावयाचे, मग वायू काढून घेऊन पृष्ठभागावर काय उरले ते मोजावयाचे. नायट्रोजनचे सुटे अणू पृष्ठभागावर सापडले आणि हायड्रोजनचे प्रमाण वाढविले तसतसे ते कमी होत गेले. हे अणूच हायड्रोजनकडून वापरले जात असल्याचा हा पुरावा होता. यावरून साखळी अशी जुळली : नायट्रोजनचा रेणू आधी लोखंडावर दुर्बलपणे टेकतो, नंतर आडवा होऊन घट्ट बसतो, मग तुटून त्याचे दोन अणू लोखंडाशी बांधले जातात. हायड्रोजनचा रेणू सहजच तुटतो. पुढे एकेक हायड्रोजन अणू नायट्रोजनला जोडला जातो आणि तिसरा जोडला गेला की अमोनिया पृष्ठभाग सोडून निघून जातो. या व अशा कार्यासाठी एर्टलला २००७ चे रसायनशास्त्राचे नोबेल एकट्याला देण्यात आले.

आता भटजींच्या दृष्टान्ताकडे वळून पाहावे. येथे भटजी बाजूला उभा नाही. तो प्रथम वराशी स्वतःच गाठ बांधतो, वधूशीही बांधतो, आणि दोघे जुळल्यावर आपली गाठ सोडून घेतो. दृष्टान्त म्हणून हे चमत्कारिक वाटेल, रसायन म्हणून ते अचूक आहे.

गाठ किती घट्ट असावी, यातच धातूच्या निवडीचे मर्म आहे. पॉल साबात्ये याच्या नावाने ओळखले जाणारे तत्त्व असे की, बंध फार दुर्बल असेल तर रेणू तुटत नाही आणि फार बळकट असेल तर तुटलेले अणू सुटत नाहीत. सोन्या-चांदीवर नायट्रोजन टिकत नाही; टंग्स्टनसारख्या धातूवर तो इतका घट्ट बसतो की पुढे सरकत नाही. लोखंड, रुथेनियम, ऑस्मियम हे मधल्या जागी येतात. पदवीच्या विद्यार्थ्याला लोखंडच का, असे विचारले तर बहुधा ‘ते स्वस्त आहे म्हणून’ असे उत्तर मिळते. ते खोटे नाही, पण जस्तही काही महाग नाही.

लोखंडाची गुणवत्ताही सर्वत्र सारखी नसते. एकाच स्फटिकाला वेगवेगळ्या दिशांनी कापले तर अणूंची वेगवेगळी मांडणी उघडी पडते. गाबोर सोमोर्जाई व त्याच्या सहकाऱ्यांनी बर्कली येथे १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजमापांनुसार लोखंडाच्या (१११), (१००) व (११०) या पृष्ठांवरील अमोनिया निर्मितीच्या वेगांचे गुणोत्तर ४१८ : २५ : १ असे येते. दाट भरलेल्या (११०) पृष्ठापेक्षा विरळ व खडबडीत (१११) पृष्ठ चारशेपटींहून अधिक क्रियाशील. त्या पृष्ठावर वरच्या थरातील अणूंच्या फटींतून खालच्या थरांतील अणूही वायूला गवसतात, हे त्याचे कारण मानले जाते. पाठ्यपुस्तकातील लँगम्यूरचे समीकरण मात्र पृष्ठभागावरील सर्व जागा समान धरते. गणितासाठी ते गृहीतक आवश्यक आहे, परंतु ते गृहीतक आहे हे सांगितले जात नाही. ह्यू टेलरने तर १९२५ मध्येच क्रियाकेंद्रांची कल्पना मांडली होती.

वर्धकांचे कोडेही येथेच सुटते. पोटॅशियम लोखंडाच्या पृष्ठभागावर बसून त्याच्याकडे इलेक्ट्रॉनांची घनता ढकलते. त्यामुळे नायट्रोजनचा रेणू अधिक घट्ट धरला जातो व लवकर तुटतो, आणि तयार झालेला अमोनिया मात्र लवकर सुटतो. ॲल्युमिनाचे काम निराळे. ते लोखंडाचे सूक्ष्म कण परस्परांत वितळून मोठे होऊ देत नाही व पृष्ठफळ टिकवून धरते. दोघांनाही ‘वर्धक’ या एकाच शब्दात कोंबणे हे अध्यापनाच्या दृष्टीने नुकसानीचे आहे.

दोन यंत्रणा, समान गुण

पदवी अभ्यासक्रमात पृष्ठभागावरील अभिक्रियेच्या दोन यंत्रणा शिकविल्या जातात. लँगम्यूर-हिन्शेलवूड यंत्रणेत दोन्ही अभिक्रियाकारक पृष्ठभागावर बसतात व तेथे एकमेकांस भेटतात. एली-रिडील यंत्रणेत एक बसलेला असतो आणि दुसरा वायूतून येऊन त्यावर थेट आदळतो. दोन आकृत्या, दोन समीकरणे, परीक्षेत समान गुण. यावरून दोन्ही निसर्गात सारख्याच प्रमाणात आढळतात असा समज झाला तर दोष विद्यार्थ्याचा नाही. प्रत्यक्षात ज्ञात अभिक्रियांपैकी बहुतांश पहिल्या प्रकारच्या आहेत, दुसऱ्या प्रकारची निर्विवाद उदाहरणे मोजकी आहेत.

हे ठरले कसे, हा भाग वर्गात सांगण्यासारखा आहे. कार्बन मोनॉक्साइडच्या ज्वलनासाठी एंगेल व एर्टल यांनी १९७८ मध्ये पॅलेडियमच्या (१११) पृष्ठावर रेणूंचा झोत सोडून मोजमाप केले. झोत चालू-बंद करीत राहावयाचा आणि कार्बन डायऑक्साइड केव्हा बाहेर पडतो ते पाहावयाचे. वायूतील रेणू थेट ऑक्सिजनवर आदळून अभिक्रिया होत असती तर झोताबरोबर लगोलग कार्बन डायऑक्साइड दिसला असता. तो विलंबाने दिसला. म्हणजे कार्बन मोनॉक्साइडचा रेणू आधी पॅलेडियमवर बसतो, काही काळ तेथे वावरतो आणि मगच ऑक्सिजनच्या अणूला भेटतो. घड्याळाच्या या पुराव्यापुढे आकृतीची मातब्बरी नाही.

याच अभिक्रियेत आणखी एक विषमता आहे. पृष्ठभाग ऑक्सिजनने व्यापला असेल तरी कार्बन मोनॉक्साइडला तेथे शिरकाव मिळतो, कारण ऑक्सिजनचे अणू विरळ मांडणीत बसतात. उलट कार्बन मोनॉक्साइड दाटीने बसला की ऑक्सिजनला जागा उरत नाही. त्याच्या रेणूला तुटून बसण्यासाठी शेजारी-शेजारी मोकळ्या जागा लागतात. सकाळी गाडी सुरू केल्यावर पहिल्या मिनिटभरात धुराड्यातील उत्प्रेरक परिवर्तक काम करीत नाही याचे एक प्रमुख कारण हेच. प्लॅटिनम व पॅलेडियम थंड असताना कार्बन मोनॉक्साइडने झाकलेले असतात. तापल्यावर तो सुटू लागतो, ऑक्सिजनला वाट मिळते आणि अभिक्रिया एकदम पेट घेते. भारतात १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना परिवर्तक बंधनकारक झाला व त्यासोबत शिसेविरहित पेट्रोल आणावे लागले. १ फेब्रुवारी २००० पासून ते देशभर लागू झाले. शिसे पृष्ठभागावर बसून उठत नाही, म्हणून ते विष. ‘भाग न घेणाऱ्या’ पदार्थाला विषबाधा कशी होईल, हा प्रश्न एखाद्या विद्यार्थ्याने विचारला तर रूढ व्याख्येकडे उत्तर नाही.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत याच पॅलेडियम (१११) पृष्ठावर पुढील काम झाले आहे, आणि आपल्या वर्गांत त्याचा उल्लेख होत नाही ही खेदाची बाब आहे. चिन्नकोंडा गोपीनाथ व सहकाऱ्यांनी रेणूंच्या झोताच्या साहाय्याने २००५ मध्ये नायट्रिक ऑक्साइड व कार्बन मोनॉक्साइड यांच्या अभिक्रियेचा आणि २००९ मध्ये, पृष्ठाच्या लगत खाली ऑक्सिजन शिरलेल्या पॅलेडियमवर, कार्बन मोनॉक्साइडच्या ज्वलनाचा अभ्यास प्रसिद्ध केला. उच्च तापमानाला ऑक्सिजनचे काही अणू पृष्ठावर न थांबता त्याखालच्या थरात जातात आणि वरच्या पॅलेडियमचे इलेक्ट्रॉनी स्वरूपच पालटते. उत्प्रेरक ‘जसाच्या तसा’ राहत नाही, एवढेच नव्हे, तर काम करता करता तो वेगळा उत्प्रेरक होतो.

निर्वाताची मर्यादा

येथवरच्या विवेचनावरून एकस्फटिकावरील प्रयोगांनी सर्व काही सिद्ध झाले, असा ग्रह होऊ नये. त्यांच्यावरही गंभीर आक्षेप आहे. एर्टलचे बहुतेक प्रयोग अतिनिर्वातात झाले. त्याला पर्याय नव्हता. दाब वातावरणाच्या अब्जांशाएवढा उरला तरी स्वच्छ पृष्ठभाग साधारण एका सेकंदात वायूने झाकला जातो. अमोनियाच्या कारखान्यातील दाब मात्र शंभर वातावरणांच्या पुढे असतो. इतक्या अंतरावरून काढलेले निष्कर्ष कारखान्याला लागू पडतील याची हमी काय?

अमोनियाच्या बाबतीत ते लागू पडले. स्टोल्ट्झे व नॉर्स्कोव्ह यांनी १९८५ मध्ये निर्वातातील मोजमापांवरून औद्योगिक परिस्थितीतील वेग गणिताने काढला आणि तो प्रत्यक्षाच्या जवळ आला. हे यश निर्विवाद आहे, परंतु सार्वत्रिक नाही. रुथेनियमचे उदाहरण बोलके आहे : कार्बन मोनॉक्साइडच्या ज्वलनासाठी निर्वातात तो अगदी निष्क्रिय, पण ऑक्सिजनच्या अधिक दाबाखाली अतिशय क्रियाशील, कारण त्या दाबाखाली पृष्ठावर रुथेनियमचे ऑक्साइड तयार होते व काम तेच करते, असे २००० मध्ये दाखविण्यात आले. निर्वातात अभ्यासलेला धातू आणि दाबाखाली काम करणारा पदार्थ हे दोन निराळेच निघाले. पुण्याच्या प्रयोगशाळेने खास बनवून घेतलेल्या प्रकाशइलेक्ट्रॉन वर्णपटमापकाने २०१३ मध्ये तांबे, चांदी व सोने यांच्या पृष्ठांचे ऑक्सिडीभवन १ मिलिबार दाबाला पाहिले, ते हीच दरी कमी करण्यासाठी. एक मिलिबार म्हणजे वातावरणाचा हजारावा भाग; कारखान्यापासून दूर, पण अतिनिर्वातापासून त्याहून कितीतरी दूर.

नायट्रिक आम्लाच्या कारखान्यांत, आपल्याकडे ट्रॉम्बे व तळोजे येथे, अमोनिया व हवा यांचे मिश्रण प्लॅटिनम-ऱ्होडियमच्या जाळीतून सुमारे ८५० ते ९०० अंश सेल्सियसला जाते. नवी जाळी चकचकीत व गुळगुळीत असते. काही दिवसांत तिच्या तारांवर फुलकोबीसारखे फुगवटे येतात, पृष्ठफळ वाढते व क्रियाशीलताही वाढते. पुढे प्लॅटिनम थोडाथोडा उडून जातो आणि तो परत मिळविण्यासाठी खाली पॅलेडियमची जाळी ठेवावी लागते. ‘अखेरीस उत्प्रेरकाचे वस्तुमान कायम राहते’ हे वाक्य पाठ करून अशा कारखान्यात गेलेल्या विद्यार्थ्याला या दुसऱ्या जाळीचे प्रयोजन कोणत्या शब्दांत समजावून सांगावे?

वर्गातील पर्याय

जालन्यात २०१८ पासून मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचा मराठवाडा परिसर कार्यरत आहे. तो सुरू झाला तेव्हा संस्थेचे कुलगुरू असलेले गणपती यादव यांचा स्वतःचा संशोधनविषय उत्प्रेरण हाच होता. म्हणजे या विषयातील उच्च शिक्षण आता जिल्ह्याच्या ठिकाणीच उपलब्ध आहे. आपल्या कनिष्ठ व वरिष्ठ महाविद्यालयांतून तेथे जाणारा विद्यार्थी पहिल्याच वर्षी जुनी व्याख्या विसरण्यात वेळ घालवणार असेल, तर त्याची जबाबदारी आपल्याकडे येते.

पाठ्यक्रम बदलण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. एकाच प्रकरणात पहिल्या पानावर उत्प्रेरक भाग घेत नाही असे म्हणावयाचे, तिसऱ्या पानावर त्याच्याशी रेणूचे बंध तयार होतात असे सांगावयाचे आणि पाचव्या पानावर विष, वर्धक व निष्क्रियता यांच्या याद्या द्यावयाच्या, ही विसंगती विद्यार्थ्यांनाच शोधावयास लावता येईल. ओस्टवाल्डचे मूळ विधान फळ्यावर लिहून ‘अंतिम’ या शब्दाखाली रेघ ओढली तरी निम्मे काम होते.

उरलेले निम्मे काम एक स्वस्त प्रयोग करू शकतो. मोटार वाइंडिंगच्या दुकानातून तांब्याच्या तारेचा तुकडा आणावा, त्यावरील लाखेचा थर जाळून घासून काढावा व तारेचे वेटोळे करावे. चंचुपात्रात तळाला थोडे कोमट ॲसिटोन घ्यावे. ते अतिशय ज्वालाग्राही असल्यामुळे बाटली दूर ठेवून, ज्योत विझवून व हाताशी झाकण ठेवूनच, अध्यापकाने हा प्रयोग स्वतः करावा. वेटोळे अगोदर लाल होईपर्यंत तापवून द्रवाला न टेकविता त्याच्या बाष्पात टांगले की ज्योतीशिवाय ते लाल राहते, कारण ॲसिटोनचे बाष्प व हवेतील ऑक्सिजन यांची उष्णता देणारी अभिक्रिया तारेच्या पृष्ठावर चालू असते. खोली अंधारी करावी आणि विद्यार्थ्यांना केवळ तारेच्या रंगाकडे पाहावयास सांगावे. ऑक्साइडचा काळेपणा व धातूची तांबूस झळाळी तारेवर आळीपाळीने सरकताना दिसतात. ऑक्सिजन तांब्यावर बसतो, ॲसिटोन तो काढून नेते, तो पुन्हा बसतो. ॲसिटोन संपेपर्यंत हे चालते.